सुतळीचं घर

प्रिय बटणू,

पाकीट जाड आहे, त्यामुळे उघडण्याआधी तू ते बराच वेळ हातात धरून बसली असशील. शाळेचा निकालही तू असाच धरून बसायचीस. म्हणून आधीच सांगून टाकतो, आत सहीचा एक कागद आहे. जमिनीचा. आपल्या शेजारचा तुकडा घेतलेला तो दंतवैद्य आपलाही तुकडा मागतोय, आणि जमीन तुझ्या आईच्या नावावर असल्यामुळे माझ्या एकट्याच्या सहीने ती विकता येत नाही, तुझीही लागते. चौदा महिन्यांनी बापाला लेकीची आठवण झाली ती सहीपुरती, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. तुझ्या जागी मी असतो तर मी पाकीटच परत पाठवलं असतं. पण सही करायची की कागद फाडायचा, ते पत्र शेवटपर्यंत वाचून ठरव, एवढंच मागणं आहे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू गप्प होतेस, आणि तुझं गप्प बसणं आताशा मला झेपत नाही.

दुकान चालू आहे म्हणायचं. नवीन कपडा शिवायला महिन्याला दोन-चार माणसं येतात, बाकी सगळं पँट आखूड करा, चेन बदला, हेच. तयार कपड्यांच्या जमान्यात शिंप्याकडे माणूस येतो तो फक्त दुकानदाराची चूक निस्तरायला. तुझं ते बटणांचं डबडं अजून कटिंगच्या टेबलाखाली आहे. त्याच्यावर बसून तू पाय हलवत मापं लिहून घ्यायचीस, मी छाती अडतीस म्हटलं की तू मोठ्याने अडतीस म्हणायचीस, आणि गिऱ्हाईक लाजायचं. आणि ती पाटीही आहे, तू सहावीत असताना रंगवलेली, ‘जुन्या मापावर कपडा शिवून मिळणार नाही’. त्या पाटीपायी मी किती भांडणं केली असतील. बँकेतले ते मोठे साहेब आठवतात? वहीत माझी मापं आहेत, उगाच वेळ घालवू नका म्हणाले, तर मी त्यांचं कापड त्यांच्या हातात परत ठेवलं. माणूस दर वर्षाला बदलतो साहेब, म्हटलं, आणि त्याचं त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की तुझी आई आतल्या खोलीतून ते माझ्या आधी पुरं करायची.

फक्त एका माणसाला ती पाटी लागू नव्हती. तुझ्या आईला मी टेप लावली ती एकदाच, लग्न ठरल्यावर, तिच्या आईच्या देखत. बाहीचं माप मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. त्यानंतर एकतीस वर्षं मी तिचा एकेक ब्लाउज पाठ केलेल्या आकड्यांवर कापला. त्याचा मला कोण अभिमान! चारचौघांत सांगायचो, डोळे बांधा माझे, हिचा कपडा कापून दाखवतो. तुझी आई पडली शाळेत शिकवणारी, तिने मला एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पाठांतर उत्तम आहे हो यांचं, समजलंय किती ते परीक्षेत कळेल. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

जमिनीचं वेड तिचंच, हे तुला माहीत आहे. दुकानामागच्या दोन खोल्यांत आपली सगळी हयात गेली, आणि घरातली एकुलती एक खिडकी उघडायची ती लाँड्रीच्या भिंतीवर. तिची मागणी फार नव्हती. बसल्या जागेवरून समुद्र दिसला पाहिजे, बस्स. तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेय, म्हणायची, उभं राहून बघायचं असतं तर बंदरावर कुणीही बघतं. मग दर रविवारी आम्ही पहिल्या बसने निघायचो, बंदराच्या गावात उतरायचो आणि एजंट दाखवील ते रान तुडवायचो. एकाने समुद्र दिसतो म्हणून नेलं तर तो त्याच्या स्कूटरच्या सीटवर उभं राहिल्यावर दिसत होता, आणि तोसुद्धा बोटभर. एका जागी विहीर गोड्या पाण्याची म्हणून पाजली, तर तुझी आई तोंड वाकडं करून म्हणाली, भाजीत घालायला बरी आहे, मीठ वाचेल. घर पाहावं बांधून म्हणतात, पण बांधायच्या आधी नुसती जागा शोधतानाच आमची दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं आमच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, हे मी तेव्हा तिला सांगायला हवं होतं.

हा तुकडा मिळाला तो कुणी दाखवला म्हणून नाही, बस चुकली म्हणून. पुढच्या बसला अवकाश होता, म्हणून आम्ही गावापासून तीनेक मैल आतल्या रस्त्याने चालत सुटलो, तर उतारावर गवत, कडेला सुरूची रांग, आणि खाली गावची कौलं संपली की निळी पट्टी. ती सरळ मातीत बसली, चांगल्या कपड्यांनिशी, आणि म्हणाली, सापडलं. मी उभा होतो, मला नीट दिसेना. तिने हात धरून मला खाली ओढलं.

नोंदणीच्या दिवशी तू नव्हतीस, म्हणून तो दिवस सांगतो. त्या कचेरीच्या बोळात एकच बाक होता आणि आमच्या आधी अकरा जण. तुझी आई बाकाच्या टोकाला भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटून. मी म्हटलं, पाणी आणू का? नको म्हणाली. जमीन तिच्या नावावर करायची हा हट्ट माझा, ती शेवटपर्यंत तुमच्याच नावावर करा म्हणत होती, अगदी कारकुनापुढेही. कारकून कंटाळून म्हणाला, घरी ठरवून येत जा. सही करताना तिचं पेन दोनदा थांबलं. मला वाटलं, आनंदाने बाईचा हात अडखळतोय. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली ती थेट आपला थांबा येईपर्यंत, आणि मी खांदा हलू नये म्हणून पूर्ण वाट ताठ बसलो, आणि मनात म्हणत होतो, आजच्याइतका सुखी शिंपी या रस्त्यावर दुसरा नसेल. हे वाक्य लक्षात ठेव, मला नंतर त्याच्याकडे परत यायचंय.

घर बांधायला पैसे साठायचे होते, पण घराची आखणी करायला कुणाचं काय जातंय? मी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, आणि अख्खं घर जमिनीवर बेतलं, जसा कापडावर बेततो तसं. ओटा कुठे, पलंग कुठे, सगळं खडूच्या भुकटीने. दर रविवारी आम्ही त्या सुतळीच्या घरात जाऊन बसायचो. तुझ्या आईचे नियम कडक होते. सुतळी ओलांडायची नाही, दारातूनच यायचं. मी एकदा स्वयंपाकघरातून सरळ तुझ्या खोलीत गेलो तर ओरडली, भिंतीतून काय येताय, भूत आहात का? तू आलीस त्या दिवशी तुलाही तिने परत पाठवलं होतं, मागे जा आणि दारातून ये म्हणून, आणि तू एवढी मोठी बाई हसत हसत मागे जाऊन दारातून आलीस. मग तू तिला मिठी मारलीस. मी समोरच उभा होतो. मिठी मारताना तुझे हात तिच्या पाठीमागे एकमेकांना जिथे भेटायचे त्याच्या पलीकडे गेले, आणि तुझा चेहरा बदलला. तो बदल मी पाहिला होता, बटणू. आज कबूल करतो.

त्याच संध्याकाळी स्टँडवरून तू फोन केलास. बाबा, आई निम्मी झालीये, तिला मोठ्या दवाखान्यात न्या, मला ती हसून टाळतेय, म्हणते चढ चढून वजन उतरलं. आणि मी काय म्हणालो? तुझ्या आईची मापं मला पाठ आहेत, माझे कपडे तिला आजही अंगाबरोबर बसतात, तू मला माणूस ओळखायला शिकवू नकोस. शब्दन्‌शब्द आठवतोय. तू त्यानंतर जे गप्प बसलीस, ते गप्प बसणं त्या दिवसापासून सुरू झालं, नंतर फक्त वाढत गेलं.

खोटं बोललो नव्हतो मी. कपडे खरंच बसत होते. काखेखाली झोळ नाही, खांदा उतरलेला नाही. मी रोज बघत होतो ना. एकदा, फक्त एकदा, ती मागल्या दारी कपडे वाळत घालत होती, हात वर गेले आणि मला तिच्या कुशीच्या शिवणीवर एक चुणी दिसली, धागा ओढल्यासारखी. मी चेष्टा केली, हे कुठल्या अडाण्याने शिवलंय? तर मागे न बघता म्हणाली, तुम्हीच. आणि हसली. मीही हसलो, आणि आत जाऊन कुणाच्या तरी कोटाला काज करायला बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझा तर वळसासुद्धा घेऊन झाला नव्हता.

पुढचं तुला ठाऊक आहे. शेवटचे पाच आठवडे तू तिच्या उशाशी होतीस, मी बाहेरच्या खुर्चीवर. ती गेल्यावर दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणालीस, तुम्हाला जमीन दिसली बाबा, आई दिसली नाही. मला राग आला होता. पोटची पोर असं बोलते म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. दोन महिने वाटायचं, येईल फोन. नंतर वाटायला लागलं, आपणच करावा. नंतर दोन्ही वाटायचं बंद झालं. अशीच माणसं एकमेकांना परकी होतात, काही मोठं भांडण लागत नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. दंतवैद्य दुकानात येऊन गेला, फार अदबीने बोलला, सुतळी अजून तशीच आहे, मी कुणाला हात लावू दिला नाही म्हणाला. मी म्हटलं, मुलीला विचारून सांगतो. मग मनात आलं, जमीनच जायची तर घरातलंही आवरून टाकावं, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा तिचं कपाट उघडलं. तिच्या शाळेत झाडलोट करणारी बाई आहे, तिला हे कपडे होतील, थोडे उसवून द्यावेत असा विचार. शिंप्याची सवय, कपडा हातात आला की आधी उलटा करायचा. बटणू, इतकी वर्षं ते कपडे मी शिवले, पण धुतले तिने, घडी तिने घातली. शिवून दिल्यावर एकही मी पुन्हा उलटा करून पाहिला नव्हता.

कुशीच्या दोन्ही शिवणींवर, माझ्या मशीनच्या टिपेच्या आत, हाताने घातलेली एक टीप होती. तिच्या आत दुसरी. तिच्याही आत तिसरी. एका ब्लाउजला नाही, साती ब्लाउजांना. बायका पुढे जाड होतात म्हणून मी नेहमी आत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवायचो, कधी ढिला करावा लागला तर असावी म्हणून, पण तिने उलट्या बाजूला प्रवास केला होता. तुला तिची शिलाई माहीत आहे, बटण लावलं तर चौथ्या दिवशी निखळायचं, मी तिची किती टर उडवायचो. पहिली टीप तशीच होती, नागमोडी, टाके लांब-आखूड. दुसरी बरीच सावरलेली. आणि तिसरी इतकी सरळ, इतकी बारीक, की मी चष्मा पुसून पाहिली, ही माझीच तर नाही ना म्हणून. मरायच्या आधी ती बाई शिवायला शिकली. कुणाकडे शिकली असेल? संध्याकाळी वह्या तपासायला माझ्या मशीनसमोर बसायची, आणि मला वाटायचं, वह्या तपासतेय. मी तिथे फरशीवर बसलो आणि खूप रडलो. दुकान त्या दिवशी उघडलं नाही.

तिच्या चष्म्याच्या डबीत डॉक्टरची चिठ्ठी सापडली. पोटाच्या तपासण्या लगेच करून घ्या, मोठ्या दवाखान्यात, असं त्यावर लिहिलंय. तारीख नोंदणीच्या नऊ दिवस आधीची. म्हणजे त्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती तेव्हा तिला माहीत होतं. बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली तेव्हाही. तपासण्या सुरू झाल्या की साठवलेले पैसे तिकडे लागतील आणि जमीन हातची जाणार हे तिला कळत होतं, म्हणून तिने ठरवलं असेल, एवढी नोंदणी होऊ दे मग सांगू. मग आखणी होऊ दे. मग पाया होऊ दे. पाया काही झालाच नाही. आणि मी तिच्या डोक्याखाली खांदा ताठ धरून स्वतःला सुखी शिंपी म्हणवून घेत होतो.

हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही. तिने लपवलं म्हणून मला दिसलं नाही, असं दुसऱ्या कुणी म्हणावं, वाण्याने म्हणावं, डॉक्टरने म्हणावं. मी शिंपी आहे. तीन टिपा घातलेली शिवण हाताला जाड लागते, नुसती बोटं फिरवली असती तरी कळलं असतं, आणि बोटं फिरवायला मी तिचा नवरा होतो. साधी टेप लावली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. जिन्यात तू जे बोललीस ते खरं होतं. तू लांबून एकदा आलीस, एकदा मिठी मारलीस आणि तुला कळलं. आपण जोर केला असता तर, असं तू रात्रंदिवस मनाशी उगाळत असशील, तर ते आजपासून थांबव. तू सांगितलं होतंस, ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं नाही. चूक माझी आहे, तिच्यात तुझा वाटा नाही. हे मला तुला चौदा महिन्यांपूर्वी सांगता आलं असतं.

आता पाकिटातला कागद. त्यावर आज सही करू नकोस. दंतवैद्याकडून मी मुदत मागून घेतली आहे, विकायची का ठेवायची ते आपण समोरासमोर ठरवू, पैसे कदाचित लागतील. कारण असं की, गेल्या काही आठवड्यांपासून माझे सदरे मला मोठे होऊ लागलेत. कॉलरमध्ये आधी दोन बोटं जायची, आता चार जातात, आणि पट्ट्याला मी दाभणाने दोन नवी भोकं पाडली. भोकं पाडताना हात थांबला, म्हटलं, हेच ते. काल डॉक्टरकडे जाऊन आलो. येत्या गुरुवारी मोठ्या दवाखान्यात तपासण्या आहेत, काय निघेल ते माहीत नाही, आणि मला भीती वाटतेय. घरी येऊन स्वतःला टेप लावून पाहिली, पण आपलं माप आपल्याला घेता येत नाही, पाठीमागे टेप घसरते, आकडा खोटा येतो. गुरुवारच्या आधी ये. वही काढून ठेवली आहे, या वेळी टेप तू धर आणि आकडे मी लिहितो. माझे सगळे सदरे जसेच्या तसे खुंटीला आहेत बटणू, एकालाही मी आतून टीप घातलेली नाही.

तुझाच,
अंगाने उतरलेला, पण लपवत नसलेला
बाबा